एका दिवसाची शिदोरी



‘देव देईल’ हें वाक्य आपल्या घरांतून फार सहज उच्चारलें जातें. कोणी तें श्रद्धेनें म्हणतो, कोणी आळसानें, आणि कोणी दाराशीं आलेल्या याचकाची बोळवण करण्यासाठीं. मग देवावर विसंबणें म्हणजे नेमकें काय? बायबलांतील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायांत या प्रश्नाचें उत्तर एका कथेच्या रूपानें आलें आहे. ती मान्न्याची कथा आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

मिसर देशांत दास्यांत पिचलेले इस्राएल लोक मोशेच्या नेतृत्वाखालीं तेथून बाहेर पडले आणि सीन नांवाच्या रानांत येऊन पोहोंचले. पोटांत भूक पेटली, तसा स्वातंत्र्याचा उत्साह मावळला. मिसरांत निदान मांसाचीं भांडीं समोर असत, पोटभर भाकरी मिळे, असें म्हणून ते कुरकुरूं लागले. उपाशी माणसाला गुलामगिरीही गोड आठवते!

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दंव विरलें, तेव्हां भूमीवर हिमकणांसारखें कांहीं बारीक पडलेलें दिसलें. तें धण्याएवढें, रंगानें पांढरें आणि चवीला मध घातलेल्या पातळ पोळीसारखें होतें. लोक एकमेकांस विचारूं लागले, ‘हें काय?’ हिब्रू भाषेंत हा प्रश्न ‘मान हू’ असा होतो. त्यावरूनच त्या अन्नास ‘मान्ना’ हें नांव पडलें. देणगी समोर पडली होती, परंतु ती देणगी आहे हें प्रथम ओळखूंच आलें नाहीं.

या अन्नाचे नियम लक्षांत घेण्यासारखे आहेत. प्रत्येकानें माणशीं एक ओमर, म्हणजे अदमासें दोन लिटर, वेंचावें. ऊन तापलें कीं तें वितळून जाई. म्हणून पहांटेची झोंप सोडून वेंचावयास जाणें भाग होतें. देणारा देव खरा, परंतु वांकावयाचें माणसानेंच. आणि दुसऱ्या दिवसासाठीं कांहीं राखून ठेवावयाचें नाहीं. कांहींनीं तरीही ठेवलें. सकाळपर्यंत त्यांत किडे पडले व दुर्गंधी सुटली.

येथें मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२० सालच्या मार्च महिन्यांत टाळेबंदी जाहीर झाली. आमच्या घरांत माणसें दोन. तरी भीतीपोटीं मीं वाण्याकडून चाळीस किलो तांदूळ घेतले. माझ्यामागें उभ्या असलेल्या एका मोलकरणीस वाण्यानें ‘तांदूळ संपले’ म्हणून सांगितलेलें मीं ऐकलें, आणि मान खालीं घालून घरीं आलों. श्रावण येईतों त्या तांदळांत टोके झाले. सुपांत ते पाखडतांना पत्नी एवढेंच म्हणाली, ‘‘अहो, हे त्या बाईच्या घरीं गेले असते, तर लेंकरांच्या पोटीं तरी लागले असते.’’ त्या दिवशीं हा १६ वा अध्याय मला खरा उमगला.

कोणी विचारील कीं, मग माणसानें सांठवण करूंच नये काय? बायबल असें म्हणत नाहीं. याच कथेंत सहाव्या दिवशीं दुप्पट वेंचण्याची आज्ञा आहे. कारण सातवा दिवस विश्रांतीचा. आणि त्या दिवसासाठीं ठेवलेलें अन्न नासलें नाहीं! ‘उत्पत्ति’ या पुस्तकांत योसेफानें तर सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पांचवा भाग कोठारांत भरविला. पुढें दुष्काळांत तीं कोठारें उघडलीं आणि लोक वांचले. भेद सांठवणुकींत नसून हेतूंत आहे. एक सांठा सर्वांच्या गरजेसाठीं असतो. दुसरा शेजाऱ्याच्या भुकेकडे पाठ फिरवून केलेला असतो. किडे पडतात ते या दुसऱ्यांत.

याच कथेचा अर्थ पुढें पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत उलगडला आहे. यरुशलेमेंतील गरीब बांधवांसाठीं तो वर्गणी गोळा करीत होता. ज्यानें पुष्कळ वेंचलें त्यास अधिक झालें नाहीं, ज्यानें थोडें वेंचलें त्यास उणें पडलें नाहीं, या वचनाची आठवण देऊन तो सांगतो कीं, तुमच्या विपुलतेनें त्यांची उणीव भरून निघावी. म्हणजे देवाची तरतूद पुष्कळदां आकाशांतून न पडतां शेजाऱ्याच्या हातून येते. आणि तो शेजारी आपणच असूं शकतों.

चाळीस वर्षांनंतर इस्राएल लोक कनान देशांत शिरले, तेथील धान्य त्यांनीं खाल्लें, आणि दुसऱ्याच दिवसापासून मान्ना थांबला, असें ‘यहोशवा’च्या पुस्तकांत म्हटलें आहे. शेत पिकूं लागलें, म्हणजे देणाऱ्यानें हात आंखडला असें नव्हे; देण्याची रीत तेवढी बदलली.

येशूनें शिष्यांस जी प्रार्थना शिकविली, तींत भाकरी मागितली आहे ती आजच्यापुरती. आणि ‘माझी’ म्हणून नव्हे, ‘आमची’ म्हणून. देवावर विसंबणें म्हणजे सकाळीं उठून आपला ओमर वेंचणें, आणि शेजाऱ्याचा ओमर त्याच्यासाठीं भूमीवर राहूं देणें. ‘देव देईल’ असें म्हणणाऱ्यानें आपली मूठ प्रथम सैल केली पाहिजे.