एक भिंग, अनेक शास्त्रं

सूक्ष्मदर्शक म्हटलं की आधी आठवतात रोगजंतू, आणि ते योग्यच आहे. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगाला दाखवला तो याच्याच बळावर. आजही थुंकीचा नमुना काचपट्टीवर पसरतात, झील-नील्सन पद्धतीने रंगवतात आणि हजार पट मोठा करून पाहतात. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या की निदानाला दिशा मिळते.

भूशास्त्रज्ञ याच यंत्राला ध्रुवक जोडून दगड वाचतो. सह्याद्रीतला काळा बेसॉल्ट काचेवर चिकटवून ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासला, की त्यातून प्रकाश आरपार जातो. काच फिरवू लागलं की फेल्डस्पारचे करडे-पांढरे लांबट स्फटिक आणि पायरॉक्सिनचे रंगीत कण आळीपाळीने उजळतात, मावळतात. स्फटिक मोठे असतील तर लाव्हा सावकाश निवला, बारीक असतील तर झटपट.

धातू असा पारदर्शक होत नाही. म्हणून शेफील्डच्या हेन्री सॉर्बी यांनी १८६०च्या दशकात पोलाद आरशासारखं चकचकीत केलं, त्यावर सौम्य आम्ल लावलं आणि परावर्तित प्रकाशात त्याची घडण पाहिली. तिकडे मधातले परागकण तपासून मधमाश्या कोणत्या फुलांवर गेल्या होत्या, हेही सांगता येतं.

भिंगाइतकंच महत्त्व नमुना तयार करण्याच्या हातोटीला आहे. म्हणून शाळांनी सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद ठेवू नयेत. मुलांना स्वतः नमुने रंगवू द्यावेत, घासू द्यावेत, मनसोक्त निरखू द्यावेत.