विश्लेषण : समुद्राने कोरलेली लेणी पाहायची, पण कोणत्या वेळी?

छत्रपती संभाजीनगरकरांना दगडात कोरलेल्या गुहा नव्या नाहीत. मात्र ज्या काळ्या कातळात माणसाने वेरूळ-अजिंठा कोरले, त्याच कातळात कोकण किनाऱ्यावर समुद्राने स्वतःच्या घळी, गुहा आणि पाण्याची कुंडे कोरली आहेत. पोर्तुगालच्या बेनागिल गुहेचे व्हिडीओ मोबाइलवर फिरू लागल्यापासून ‘असे आपल्याकडे कुठे आहे?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. उत्तर हेदवी आणि हरिहरेश्वर येथे आहे. अडचण एवढीच, की वेरूळला जाण्यापूर्वी सुटीचा वार पाहावा लागतो, येथे चंद्र पाहावा लागतो.

समुद्र दगड कोरतो कसा?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांत लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात. किनाऱ्यावर लाट अशा भेगेत घुसते तेव्हा आतली हवा दाबली जाते, लाट मागे सरताच ती मोकळी होते. दिवसाला हजारो वेळा हा दाब बसतो आणि सुटतो. सोबतची वाळू, गोटे कानशीसारखे काम करतात. भेग रुंदावून गुहा होते. छत कोसळले, की उरते ती उघडी घळ. स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावरील प्रसिद्ध फिंगल गुहाही बेसाल्टमधलीच आहे. बेनागिलची मात्र चुनखडीची, म्हणून तिचा रंग सोनेरी. कोकणात तसा रंग शोधू नये. येथे सारे काळेभोर आहे आणि ते तितकेच देखणे आहे.

बामणघळीत नेमके काय दिसते?

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात हेदवी आहे. दशभुज गणेशाच्या मंदिरामुळे हे गाव सर्वांना ठाऊक आहे. समुद्रालगत उमामहेश्वराचे मंदिर असून त्याच्या जवळच खडकात बामणघळ ही अरुंद, लांब चीर आहे. भरतीला लाट तिच्या तोंडातून आत शिरते. जागा निमुळती होत जाते, पाण्याला मागे वळायला वाव राहत नाही आणि ते मोठा आवाज करत सरळ वर उसळते. ओहोटीला हीच घळ निमूट पडून असते. नवख्या माणसाला ती साधी खाच वाटते आणि फोटोसाठी आत उतरण्याचा मोह होतो.

हरिहरेश्वराचे काय?

रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातील हे ठिकाण ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते. मंदिरामागची प्रदक्षिणेची वाट दोन कड्यांमधल्या अरुंद पायऱ्यांवरून थेट लाटांनी कापलेल्या खडकावर उतरते. क्षाराने मधमाश्यांच्या पोळ्यासारखे पोखरलेले कातळ, पाण्याने भरलेली कुंडे आणि गणेशगल्ली नावाची चिंचोळी घळ हे सारे याच वाटेवर आहे. एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला खुला समुद्र, त्यामुळे भरतीत मध्येच सापडल्यास बाजूला सरायला जागा नसते. म्हणूनच भरतीच्या वेळी ही प्रदक्षिणा टाळायची असते. येथे यापूर्वी पर्यटक लाटांत ओढले गेले आहेत. ‘पाच मिनिटांत पलीकडे जाऊ’ हा हिशेब या खडकावर चालत नाही.

वेळ कशी काढायची?

मराठवाड्यातल्या आपल्या पिढ्यांनी नदीचा पूर पाहिला, धरणाचा विसर्ग पाहिला. पण दिवसातून दोनदा वर-खाली होणारे पाणी आपल्या सवयीचे नाही. किनाऱ्यावरचे लोक यासाठी एक साधे गणित वापरतात : तिथीची पाऊणपट. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. ही वेळ दिवसाची आणि रात्रीची, दोन्ही धरायची. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते.

आता हेदवीला लावून पाहा. गणेशभक्त संकष्टीला येतात, म्हणजे पूर्ण भरती दुपारी तीनच्या आसपास आणि ओहोटी सकाळी नऊला. सकाळी दर्शन आटोपून घळीजवळ गेलेल्याला ती शांत दिसणार, जेवून परतलेल्याला ती उसळताना दिसणार. बामणघळ पाहायची तर भरतीच्या सुमारास, लांबून आणि उंचावरून. हरिहरेश्वराची वाट मात्र ओहोटीची आहे. पाणी अजून उतरत असतानाच निघावे आणि ओहोटीच्या तळाला परत यावे. हे गणित तास-अर्धा तास चुकू शकते, त्यामुळे त्या बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते किंवा गावातला कोळी, यांच्याकडून खात्री करून घ्यावीच.

पाणी हळूहळूच चढते ना?

तसे वाटते, हाच फसवा भाग आहे. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याएवढे वाढते, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून निम्मा चढ पूर्ण होतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती असते, तेव्हा हा चढ सर्वांत मोठा असतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे फरक कमी.

वारा पडला आहे म्हणून समुद्र शांत, हेही खरे नाही. हजारो किलोमीटर दूरच्या वादळात उठलेल्या लांब लाटा स्वच्छ उन्हातही किनाऱ्यावर येऊन आदळतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था अशा उंच लाटांचे इशारे देते, निघण्यापूर्वी ते पाहावेत. जागेवर पोहोचल्यावर खडकच वाचावा : जिथपर्यंत कालवे चिकटली आहेत, जिथपर्यंत शेवाळ ओले आहे, तिथपर्यंत पाणी नेहमी येते. हा पट्टा ओलांडून खाली उतरू नये आणि समुद्राकडे पाठ करून सेल्फी तर मुळीच नको.

बोटीने जाता येतील अशा गुहा आहेत का?

सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातील खडकांवर गुहा आहेत, मात्र त्या पाकोळ्यांच्या आहेत. हे पक्षी लाळेपासून घरटी बांधतात आणि अंधारात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. या घरट्यांची तस्करी झाल्याने तेथे संरक्षणाची गरज पडली. ती पर्यटनाची जागा मानू नये, हेच बरे. खुद्द बेनागिलमध्येही गर्दी व अपघातांमुळे २०२४ मध्ये नियम कडक झाले. आता तिथे पोहत जाता येत नाही आणि आतल्या वाळूवर उतरताही येत नाही.

येथून कसे आणि कधी जावे?

पुण्यात मुक्काम करून हरिहरेश्वरसाठी ताम्हिणी घाटाने माणगाव, म्हसळा, तर हेदवीसाठी कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर हा मार्ग सोयीचा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीच बंद असते. त्या दिवसांत खडकावर उतरण्याचा विचारही नको. सुटी ठरवताना आधी तिथी पाहा, मग हॉटेलचे बुकिंग करा. कुणी पाण्यात पडलेच, तर मागोमाग उडी न घेता दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकावी आणि ११२ किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर फोन करावा. घाट आणि कड्यांखाली मोबाइलची रेंज जाते, म्हणून खाली उतरण्यापूर्वी वर थांबणाऱ्या एकाला परतीची वेळ सांगून ठेवावी.