जखम भरली, तरी ताकद का येत नाही?

पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेला माणूस आठ-दहा दिवसांनी घरी येतो. जखम कोरडी, ताप नाही, रिपोर्ट चांगले. पण खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो. मांड्या ओसरलेल्या दिसतात. ‘अशक्तपणा आहे, येईल ताकद हळूहळू,’ म्हणून घरचे विषय सोडून देतात. तो सोडून देऊ नये, कारण या अशक्तपणाचं कारण माहीत आहे आणि त्यावर इलाजही आहे.

ग्लासगोमध्ये डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या सुमारास पायाचं हाड मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासली. तिच्यातून इतका नायट्रोजन जात होता, की एकट्या जखमी पायाच्या हिशेबात तो बसेना. हा नायट्रोजन मोडलेल्या प्रथिनांचा होता. दुखापत एका पायाला, झीज मात्र अंगभरच्या स्नायूंची!

शस्त्रक्रियेनंतरही असंच घडतं. कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनॅलिन वाढतात, दाह वाढतो, इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. स्नायूंतली प्रथिनं तुटून अमिनो आम्लं रक्तात उतरतात. त्यांतलं ग्लुटामिन आतड्याच्या आणि रोगप्रतिकारक पेशी वापरतात, अलानिनपासून यकृत साखर बनवतं, उरलेल्यांतून जखम भरून येते. अडीअडचणीला मोडावी अशी ही शरीराची ठेव. पण १ ग्रॅम नायट्रोजन गेला, की सुमारे ३० ग्रॅम स्नायू गेला. दिवसाला १० ग्रॅमची तूट पडली, तर पाव किलोहून जास्त! त्यात उपास आणि अंथरूण यांची भर पडली, की नवी प्रथिनं घडण्याचं कामही मंदावतं.

डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात उपास आणि अंथरुणाची ही जुनी शिस्त बदलायला घेतली. वेदना नीट आटोक्यात ठेवायच्या, तोंडाने लवकर खायला द्यायचं, रुग्णाला लवकर चालतं करायचं. लांबलचक उपासही आता मागे पडले. बहुतेकांना भूल देण्याआधी २ तासांपर्यंत पाणी चालतं.

आपल्या घरांत मात्र अजून पेज आणि साबुदाण्याची लापशीच पुढे येते. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.५ ग्रॅम प्रथिनं सुचवली जातात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९० ग्रॅम. एका अंड्यातून मिळतात जेमतेम ६. म्हणून घट्ट वरण, दही, पनीर, अंडी, मासे असं थोडं थोडं दिवसभर द्यायला हवं. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं. डिस्चार्ज घेताना गोळ्यांच्या वेळा आपण नीट विचारून घेतो. त्याच वेळी ‘खायला काय, किती द्यायचं आणि चालवायचं कधीपासून?’ हेही विचारून घ्या. तोही उपचारच आहे.