‘एडिट’ म्हणजे नेमके काय? एक शब्द, अनेक अर्थ

जून महिना उजाडला की मुदखेडच्या सेवा केंद्रांवर आईबापांची रांग लागते. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला जातीचा, तर कुणाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो. अशाच एका रांगेत आम्ही उभे होतो. आमच्या पुढे एक मावशी होत्या. हातातल्या कापडी पिशवीत मुलीचा शाळेचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार कार्ड. मुलीचे नाव शाळेच्या दाखल्यावर एका प्रकारे लिहिलेले, आधार कार्डावर दुसऱ्या प्रकारे. संगणकावर बसलेला मुलगा म्हणाला, “मावशी, एडिट करावं लागंल.”

“म्हंजे काय करणार रे लेकरा?”

“एडिट म्हंजे एडिट. बदलायचं.”

“खोडू नको बाबा. लई हेलपाटे घालून कागद जमवलेत.”

मुलगा हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही. कारण त्याने पुढे सांगितले, “अर्ज मी एडिट करतो, शाळेचा दाखला तुम्ही एडिट करून आणा.” वाचकहो, ही दोन कामे एक नव्हेत. आपण टाईप केलेल्या अर्जातले अक्षर बदलणे हे एका बोटाचे काम आहे. शाळेच्या नोंदवहीतले अक्षर बदलणे हे कायद्याचे काम आहे. एकाच शब्दाने दोन्ही सांगितले की गरीब माणूस गोंधळतो. मग कुणी भलताच सल्ला देतो आणि पेनाने दाखल्यावर खाडाखोड होते. म्हणून या एका शब्दाचे अर्थ समजून घ्यावेत, असे आम्हाला वाटले.

शब्द आला कोठून?

हा शब्द लॅटिन भाषेतून इंग्रजीत आला. मूळ अर्थ ‘बाहेर देणे’, म्हणजेच लोकांपुढे ठेवणे, प्रसिद्ध करणे. कापणे, खोडणे हा अर्थ मुळात नव्हताच. गंमत अशी की इंग्रजीत आधी ‘एडिटर’ हा शब्द रुळला आणि त्यावरून ‘एडिट’ हे क्रियापद अठराव्या शतकाच्या अखेरीस तयार झाले.

मराठीत आपण त्याला ‘संपादन करणे’ म्हणतो. पण संपादन म्हणजे मुळात मिळवणे. विश्वास संपादन करणे, यश संपादन करणे असे आपण म्हणतो ते याच अर्थाने. आमच्या भागातला शेतकरी ‘संपादन’ हा शब्द ऐकतो तो बहुधा ‘भूसंपादना’च्या नोटिशीत. त्याला वर्तमानपत्र आठवत नाही, जमीन जाणार हे आठवते. इंग्रजी शब्दाचे मूळ देण्यात आहे, मराठी शब्दाचे मिळवण्यात. त्यामुळे शब्द कोण, कोठे आणि कशासाठी वापरतो ते पाहिल्याशिवाय अर्थ लागत नाही.

पत्र चालवणारा संपादक

पहिला अर्थ पत्र चालवण्याचा. तो आपल्या समाजाला बाबासाहेबांनी शिकवला. ‘मूकनायक’चा पहिला अंक 31 जानेवारी 1920 रोजी निघाला. पत्र बाबासाहेबांचे, पण संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे, कारण बाबासाहेब त्या वेळी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत प्राध्यापक होते. पुढे 3 एप्रिल 1927 रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले तेव्हा संपादक म्हणून त्यांनी स्वतःचे नाव दिले. पैसा नव्हता, मदतनीस नव्हते, रकानेच्या रकाने त्यांनी एकट्याने लिहून काढले. 1930 मध्ये ‘जनता’ सुरू झाले आणि 4 फेब्रुवारी 1956 रोजी त्याचे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

येथे संपादन म्हणजे दुसऱ्याच्या मजकुराची काटछाट नव्हे. ज्यांचे म्हणणे कोणी छापत नव्हते, त्यांचे म्हणणे छापून लोकांपुढे ठेवणे, म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाचेच काम.

दुसऱ्याचे लिखाण जपणारा संपादक

दुसरा अर्थ, मागे राहिलेले लिखाण जुळवून छापण्याजोगे करणे. बाबासाहेबांचे अप्रकाशित कागद वर्षानुवर्षे बंद पेट्यांत होते. महाराष्ट्र शासनाने ते प्रसिद्ध करण्याचे काम हाती घेतले आणि वसंत मून यांनी संपादनाचा भार उचलला. पहिला खंड 14 एप्रिल 1979 रोजी प्रसिद्ध झाला. सुटी पाने लावायची, टाईप केलेल्या प्रतीवर बाबासाहेबांनी हाताने केलेली दुरुस्ती वाचायची, कोणते प्रकरण कोठे बसते ते ठरवायचे, असे हे काम. या संपादकाचा धर्म एकच: लिहिणाऱ्याचे म्हणणे लिहिणाऱ्याचेच राहिले पाहिजे.

त्याची परीक्षा चौथ्या खंडाच्या वेळी झाली. 1987 मध्ये ‘रिडल्स इन हिंदुइझम’ प्रसिद्ध झाले आणि त्यातील राम व कृष्ण यांच्याविषयीचे परिशिष्ट गाळावे, अशी मागणी झाली. 1988 च्या सुरुवातीला त्याविरुद्ध आपल्या समाजाचा प्रचंड मोर्चा मुंबईत निघाला. शेवटी मजकूर कायम राहिला आणि या मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशी टीप त्याला जोडली गेली. गाळणे आणि टीप जोडणे यांतला फरक येथे स्पष्ट दिसतो. टीप जोडली तर वाचकाला दोन्ही बाजू कळतात. मजकूर गाळला तर काही गाळले आहे हेसुद्धा कळत नाही.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचेही उदाहरण आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 मध्ये मूळ इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, पण त्यांनी लिहिलेली प्रस्तावना त्यात आली नव्हती. ती पुढे 1980 मध्ये भगवान दास यांनी प्रसिद्ध केली. एवढी वर्षे वाचकाने ग्रंथ वाचला, पण लेखकाचे ते चार शब्द त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत.

कायद्यातली दुरुस्ती

तिसरा अर्थ कायद्याचा. इंग्रजीत त्याला ‘अमेंड’ असा वेगळा शब्द आहे, आपण ‘दुरुस्ती’ म्हणतो. पंपाचीही दुरुस्ती आणि घटनेचीही दुरुस्ती! पण घटनेची दुरुस्ती चारचौघांसमोर होते. संविधानाच्या मसुद्यात 315 कलमे होती, ती अखेर 395 झाली. मसुद्यावर 7,635 दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि त्यांतल्या 2,473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. हे आकडे बाबासाहेबांनी स्वतः 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात सांगितले. कोणी काय सुचवले, का मान्य झाले, का फेटाळले, हे सारे छापील नोंदीत आहे.

आता आपल्या घरातली गोष्ट. 10 ऑगस्ट 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशात अशी अट होती की हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. 1956 मध्ये तेथे शीख धर्माची भर पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या लोकांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि केंद्राच्या यादीत ते बसेनासे झाले. महाराष्ट्राने आपल्या अखत्यारीतल्या सवलती दिल्या. पण मुदखेड जंक्शनवरून रोज गाड्या जातात ती रेल्वे केंद्राची, टपाल खाते केंद्राचे, बँका केंद्राच्या. तेथे बौद्ध म्हणून अर्ज करणाऱ्याला अनुसूचित जातीची राखीव जागा नव्हती. अखेर 1990 मध्ये संसदेने कायदा करून त्या परिच्छेदात बौद्ध धर्माची भर घातली. त्यासाठी चौतीस वर्षे लागली. कागदावर पाहिले तर मोजके शब्द वाढले, पण त्या शब्दांनी अनेक घरांतली मुले नोकरीला लागली.

नावाचे संपादन

चौथे उदाहरण आमच्या मराठवाड्याचेच आहे आणि त्याला रक्त लागलेले आहे. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. एका नावाच्या जागी दुसरे नाव, म्हणजे नामांतर. त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांना जीव गमवावा लागला. नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. 14 जानेवारी 1994 रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव आले. जुने नाव काढले नाही, त्याच्या आधी नवे जोडले. म्हणून शासनाने त्याला ‘नामविस्तार’ म्हटले.

नामांतर की नामविस्तार, बदलणे की जोडणे, एवढाच शब्दांचा फरक. पण त्यामागे साडेपंधरा वर्षांचा लढा उभा आहे. शब्दांच्या फेरफारात काय ठेवले आहे, असे कोणी विचारले तर त्याला मराठवाड्याकडे बोट दाखवावे.

आपल्या कागदाची दुरुस्ती

पाचवा अर्थ मावशींच्या पिशवीतला. सरकारी नोंदीतली चूक दुरुस्त करणे म्हणजे खोडणे नव्हे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याचे कलम 15 असे सांगते की मूळ नोंद तशीच ठेवायची, दुरुस्ती समासात लिहायची आणि त्यावर निबंधकाने तारखेसह सही करायची. सातबाऱ्यातील लेखनाची चूक असेल तर जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. शाळेच्या नोंदीतली चूक मूल त्या शाळेत शिकत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्त करून घ्यावी. शाळा सुटली की हेलपाटे वाढतात.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मुदखेड निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या अनेक नोंदी उर्दूत आहेत. जातीच्या पडताळणीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात तेव्हा ह्याच नोंदी शोधाव्या लागतात. उर्दू जाणणाऱ्याकडून त्या वाचून घ्याव्यात, प्रमाणित नक्कल घ्यावी आणि मूळ कागदावर आपल्या हाताने एक टिंबही देऊ नये. खाडाखोड झालेला खरा कागदही कचेरीत खोटा ठरतो आणि गुन्हा आपल्या माथी येतो.

तेव्हा कोणी “एडिट करावं लागंल” म्हणाले की माता-भगिनींनी तीन प्रश्न विचारावेत. नेमके काय बदलणार? बदलण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि जुनी नोंद जपली जाणार की नाही? तिन्हींची उत्तरे मिळाल्यावरच सही किंवा अंगठा द्यावा आणि आधी एक झेरॉक्स काढून घरी ठेवावी.

त्या दिवशी मावशींना आम्ही एवढेच सांगितले. त्यांनी दाखला पुन्हा पिशवीत घातला आणि म्हणाल्या, “मंग शाळेतच जाते. मोठ्या गुरुजीलाच इचारते.” मुलगी अजून नववीत आहे, वेळ आहे. मावशी योग्य दारी गेल्या.