आधी नोंद, मग धाव



लंडन शहराची पहिली मॅरेथॉन २९ मार्च १९८१ रोजी झाली. अंतर ४२.१९५ किलोमीटर. २० हजारांवर अर्ज आले, जागा मिळाली सुमारे ७ हजारांना. बाकीच्यांच्या पायांत बळ असून उपयोग काय? नंबरच लागला नाही! आता तर तिथे लाखोंनी अर्ज येतात, सोडत काढावी लागते.

आपल्याकडे सोडत नाही. लागणीच्या तारखेप्रमाणे तोड मिळते. तरी काहीजण चिटबॉयकडे वेळेत नोंद देत नाहीत आणि उसाला तुरा आला, वजन घटू लागले, की आमच्याकडे धावत येतात. तेव्हा आम्ही तरी काय करणार? दुसऱ्याची पाळी कशी मोडणार?

त्या शर्यतीत अमेरिकेचा बिअर्ड्स्ली व नॉर्वेचा सिमनसन हातात हात घालून बरोबरच पहिले आले. सहकार तो हाच. लागण झाली की नोंद द्या, पाळी पाळा; सगळ्यांचाच ऊस वेळेत गाळू.