सोनोग्राफीत ‘सिस्ट’ निघाली, म्हणजे काय निघालं?

पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली आणि रिपोर्टवर ‘ओव्हेरियन सिस्ट’ लिहून आलं, की घरात एकच विचारणा सुरू होते, “ऑपरेशन कधी?” मैत्रिणींनो, त्याआधी डॉक्टरांना विचारा: सिस्ट कोणत्या प्रकारची आहे?

गर्भपिशवीच्या दोन बाजूंना दोन अंडाशयं असतात. दर महिन्याला तिथं पाण्याचा एक फुगा वाढतो, त्यात स्त्रीबीज असतं. दोनेक सेंटिमीटरचा झाला की तो फुटतो आणि बीज बाहेर पडतं. कधी फुटतच नाही, नुसता वाढत राहतो. पाळी चालू असलेल्या बायांमध्ये जास्त करून हीच सिस्ट सापडते. तिच्या आतल्या पेशी इस्ट्रोजेन हार्मोन बनवतात, म्हणून आतल्या पाण्यात ते रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही स्टेरॉईडच्याच कुळातली, नावाला घाबरू नका.) ही गाठ बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. गर्भनिरोधक गोळीनं ती लवकर जिरते, हा समज अभ्यासात टिकला नाही.

चॉकलेट सिस्टची गोष्ट वेगळी. तिचं अस्तर गर्भपिशवीच्या अस्तरासारखं असतं, आत जुनं रक्त साठतं, पाळीत जीव नकोसा होतो. हार्मोन म्हणजे किल्ली आणि पेशीतला रिसेप्टर म्हणजे कुलूप. अस्तराच्या वाढीला प्रोजेस्टेरॉन आवर घालतं, पण या गाठीत त्याची कुलपं कमी पडतात. म्हणून तीच गोळी एकीला लागू पडते, दुसरीला नाही. त्यात बाईच्या पथ्याचा काही दोष नाही.

बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात अशी ओरड झाली, तेव्हा २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ जणींच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कॅन्सरची भीती घातली होती, असं कित्येकींनी सांगितलं. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही गेली, तर इस्ट्रोजेन एकदम घटतं. हाडांत कुलपं तशीच राहतात, किल्ली मात्र येत नाही. पस्तिशीतच हाडं ठिसूळ व्हायला लागतात.

मात्र काही वेळा थांबायचं नाही. अचानक असह्य कळ आणि उलट्या आल्या, तर गाठीसकट अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाळी कायमची गेल्यावर गाठ निघाली, किंवा पोट सतत फुगतं, भूक मरते, तर तपासणी लांबवू नका. गाठीत पाण्यासोबत घट्ट भाग दिसतो असं रिपोर्टमध्ये असेल तरीही.

आधी समुद्रपूरच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. ऑपरेशन सांगितलं आणि घाई नसेल, तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात दुसरं मत घेता येतं. पुन्हा सोनोग्राफी सांगितली असेल, तर पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत करा आणि जुना रिपोर्ट सोबत न्या. गाठ वाढली की जिरली, हे दोन्ही मापं शेजारी ठेवल्यावरच कळतं.