सलाईनमधले डोपामिन

‘डोपामिन’ हा शब्द हल्ली नववी-दहावीच्या मुलांच्याही तोंडी असतो. मोबाईल पाहिला की डोपामिन वाढते, असे मुले वर्गात आम्हालाच सांगतात. मात्र आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांच्या कानावर तोच शब्द पडतो तेव्हा गोंधळ उडतो. अब्बांचा बी.पी. उतरलाय आणि डॉक्टर हे खुशीचे औषध का लावताहेत?

पदार्थ एकच, पण काम वेगळे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडसर असतो. शिरेतून दिलेले डोपामिन तो ओलांडून मेंदूत शिरत नाही. (म्हणूनच पार्किन्सनच्या रुग्णाला डोपामिन न देता लेव्होडोपाची गोळी देतात, ती आत गेल्यावर तिचे डोपामिन बनते.) सलाईनमधले डोपामिन काम करते ते हृदय, रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडांवर.

निरोगी माणसांना हे औषध देऊन काय होते ते तपासले गेले आहे, आणि सारा खेळ मात्रेचा आहे. मात्रा मोजतात वजनाच्या दर किलोमागे, दर मिनिटाला, मायक्रोग्रॅममध्ये. साधारण १ ते ३ इतकी मात्रा असेल तर मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, तिथला रक्तपुरवठा वाढतो, लघवीवाटे मीठ जास्त जाते. ५ च्या पुढे हृदय जोराने आकुंचन पावते आणि वरचा बी.पी. चढतो. १० च्या वर गेले की रक्तवाहिन्या आवळू लागतात. चयापचयही बदलते: मात्रा वाढली की शरीर जास्त ऑक्सिजन वापरते, रक्तातली साखर आणि चरबीची आम्ले वाढतात. म्हणजे माणूस खाटेवर पडून असला तरी शरीराचा खर्च वाढलेला असतो. औषध थांबवले की काही मिनिटांत असर ओसरतो. म्हणून ते पंपाने सतत द्यावे लागते.

निरोगी माणसांवरचा मूत्रपिंडाचा परिणाम पाहून डॉक्टरांनी तर्क केला, की गंभीर रुग्णाचे मूत्रपिंडही थोड्या डोपामिनने वाचेल. तर्क सरळ होता, आणि अनेक वर्षे जगभर तसे दिलेही गेले. २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी ३२८ रुग्णांवर ते पारखून पाहिले. मूत्रपिंड वाचवण्यात साध्या द्रावणापेक्षा काहीही जास्त फायदा दिसला नाही. लघवी जास्त झाली म्हणजे मूत्रपिंड बरे झाले, असे नसते.

२०१० मध्ये शॉकच्या १,६७९ रुग्णांचा अभ्यास आला. डोपामिन आणि नॉरॲड्रिनॅलिन यांच्यात मृत्यूंच्या प्रमाणात ठोस फरक नव्हता, पण डोपामिन घेणाऱ्यांपैकी २४ टक्क्यांच्या हृदयाचे ठोके बिघडले. दुसरीकडे १२ टक्क्यांच्या. त्यामुळे आता बहुतेक ठिकाणी आधी नॉरॲड्रिनॅलिन लावतात. तरी डोपामिन बाद झालेले नाही. नाडी फार मंद असेल तेव्हा ते आजही उपयोगी पडते.

आपल्या माणसाला ते लावले असेल तर डॉक्टरांना अदबीने विचारावे: कशासाठी लावले, मात्रा वाढतेय की उतरतेय? मात्रा उतरत असेल आणि बी.पी. टिकून असेल, तर ती चांगली खूण. मधुमेह असल्यास साखर किती वेळा तपासतात, हेही विचारावे. भेटीच्या वेळी सुईच्या जागी सूज, पांढरेपणा किंवा आग दिसली तर ताबडतोब नर्सला हाक मारावी. हे औषध शिरेबाहेर झिरपले तर तिथली कातडी खराब होऊ शकते. आणि पंपाचा अलार्म वाजला तरी त्याच्या बटणाला आपण हात लावू नये.